फिरायला जा, सेवेला नको

दर सप्टेंबरात आमच्या इथल्या चर्चच्या तळघरात एक स्लाइड शो असतो. शेजारधर्म म्हणून आम्हालाही आमंत्रण असतं आणि आम्ही जातोही. उन्हाळ्यात होंडुरासला सेवा करून आलेलं एक जोडपं तिथे फोटो दाखवतं. पहिले दहा दिवस शाळेच्या भिंती रंगवल्या, दुभाष्यामार्फत मुलांना बायबलमधल्या गोष्टी सांगितल्या, एका घराचा पाया खणला. पुढचे पाच दिवस कोपानचे माया संस्कृतीचे अवशेष आणि रोआतान बेटाचा समुद्र. गंमत अशी, की सेवेच्या फोटोंवर दोघं रेंगाळतात आणि बेटाचे फोटो मात्र ओशाळून भराभर पुढे सरकवतात. 'एवढं काम झाल्यावर जरा आराम,' असं काहीतरी पुटपुटतात.

माणसं भली आहेत. आमच्या दारातला बर्फ न सांगता उपसणारी आहेत. तरीही माझं म्हणणं नेमकं उलटं आहे. ओशाळायचंच असेल तर त्या पहिल्या दहा दिवसांबद्दल ओशाळावं. अख्ख्या सहलीतला प्रामाणिक भाग आहे तो शेवटच्या पाच दिवसांचाच.

कोपानला त्यांनी गाइडला पैसे दिले, होडीवाल्याला दिले, पोळीत घेवड्याचं सारण घालून बालेआदा विकणाऱ्या बाईला दिले. घेणाऱ्यानं आपल्या मालाचे घेतले, देणाऱ्यानं आपल्या हौशीचे दिले. कुणी कुणाचे आभार मानत हात जोडून उभं राहिलं नाही. शाळेची भिंत रंगवताना काय झालं? होंडुरासमध्ये रंगाऱ्यांची वाण नाही. कामाची आहे. म्हणजे ज्याला त्या भिंतीवर दहा दिवसांची रोजी मिळाली असती, तो रंगारी बाजूला उभा राहून अमेरिकेतल्या हिशोबनिसाला ब्रश कसा धरायचा ते दाखवत होता.

हा माझा आकस नव्हे. १९९८ मध्ये 'मिच' वादळानं होंडुरासची दाणादाण उडवल्यावर उत्तर अमेरिकेतल्या चर्चमधून घरं बांधायला गटच्या गट गेले. कर्ट व्हर बीक या समाजशास्त्रज्ञानं पुढे या कामाचा अभ्यास केला. तो स्वतः श्रद्धाळू ख्रिस्ती, वर्षानुवर्षं होंडुरासमध्येच राहणारा. म्हणजे त्याची टीका घरातलीच. एका गटाचा विमानभाड्यासकट खर्च सुमारे ३० हजार डॉलर, आणि स्थानिक संस्थेनं बांधलेलं घर सुमारे दोन हजारांत उभं. तेवढ्या पैशात पंधरा घरं झाली असती. घर परदेशी गटानं बांधलं की गावच्या माणसांनी, यानं त्यात राहणाऱ्या कुटुंबांच्या आयुष्यात काही वेगळं घडलेलं त्याला दिसलं नाही. 'पण जाऊन आलेल्यांचं मन बदलतं, ते पुढे जन्मभर देत राहतात,' हे नेहमीचं उत्तर. व्हर बीकनं तेही तपासलं. देणग्यांमध्ये म्हणण्यासारखा फरक पडला नव्हता.

त्याच्या कितीतरी आधी, १९६८ मध्ये, मेक्सिकोतल्या कुएर्नावाका इथे इव्हान इलिच या कॅथलिक धर्मगुरूनं सेवेला आलेल्या अमेरिकन विद्यार्थ्यांना तोंडावर सांगितलं होतं, की पाहायला या, डोंगर चढा, फुलं बघा, शिका. मदत करायला मात्र येऊ नका. अर्ध्या शतकाहून अधिक काळ लोटला, तरी चर्चच्या तळघरात स्लाइड फिरताहेतच.

कुणी म्हणेल, मिशनरी तर पूर्वीपासून हेच करत आले. नाही हो, हे करत नव्हते. त्यांच्या धर्मांतराबद्दल माझी मतं तिखट आहेत, ती आज बाजूला ठेवतो. गॉर्डन हॉल १८१३ मध्ये मुंबईत उतरला, मराठी शिकला, रस्त्यांत उभं राहून मराठीत बोलला आणि १८२६ मध्ये नाशिककडच्या दौऱ्यावर पटकीनं गेला. कॅनडात जन्मलेला डॉक्टर वानलेस १८८९ मध्ये बायकोसह आला, मिरजेत दवाखाना उभारला, इथल्याच मुलांना वैद्यकी शिकवली आणि जवळजवळ चाळीस वर्षांनी परत गेला. वानलेसवाडी हे नाव काही पंधरा दिवसांत पडलेलं नाही. या लोकांशी भांडता यायचं, कारण ते तिथे असायचे आणि त्यांना आपली भाषा कळायची. दहा दिवसांच्या पाहुण्याशी कोण भांडणार? त्याला हार घालायचा आणि विमानात बसवायचं.

चर्चवाल्यांवर तोंडसुख घेऊन मंडळी खूश झाली असतील, तर आता आपल्याकडे वळू.

आपली मुलं अकरावी-बारावीत गेली, की आपल्यालाही अचानक ग्रामीण महाराष्ट्राची कणव येते. कॉलेजच्या अर्जात निबंध लिहायचा असतो, सेवेचे तास दाखवायचे असतात. मग जुलैत दोन आठवडे एखाद्या वाडीवर 'इंग्रजी शिकवायला', आणि येताना अजिंठा-वेरूळ, जमलं तर ताजमहाल. धर्म वेगळा, पण सहल तीच. उलट त्या जोडप्याचा निदान बायबलवर खरा विश्वास असतो. आपला विश्वास अ‍ॅडमिशनवर.

माझी मामेबहीण जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. अमेरिकेतली सुट्टी म्हणजे तिच्याकडे नुकती सुरू झालेली शाळा आणि भाताची लावणी. आधीच पटावरची निम्मी मुलं शेतात. अशात पाहुणे येणार म्हटलं, की आठवडाभर लेझीम, स्वागतगीत, शाल-श्रीफळ. आमच्या ओळखीतली दोन पोरं तिच्याकडे गेली होती. त्यांनी मुलांना रंगांची इंग्रजी नावं शिकवली. "दादा, ती आमच्या पोरांना पहिलीपासून येतात," ती मला फोनवर म्हणाली, "पण तुझ्या ओळखीची म्हणून बोलले नाही." तिचा बुडालेला अभ्यासक्रम कुणाच्या निबंधात येत नाही.

ज्याच्या हातात तिथे नसलेली विद्या आहे, त्याची गोष्ट वेगळी. फाटलेले ओठ शिवणारा सर्जन जरूर जावा, आणि शिवताना शेजारी तिथल्या डॉक्टरला उभं करावं. पण सतरा वर्षांच्या मुलाकडे अशी कुठली विद्या असते?

आपल्याकडची जुनी माणसं काशीला जायची ती स्वतःच्या पुण्यासाठी, आणि तसं उघड सांगायची. काशीचं भलं करायला निघालोय असं कुणी म्हटल्याचं ऐकिवात नाही. धर्मशाळेत उतरायचं, नावाड्याला पैसे द्यायचे, गंगा पाहायची, परतायचं. मुलांना तसंच न्यावं. वेरूळ नीट दाखवावं, वाडीवर पाहुणे म्हणून दोन दिवस राहावं, जेवणाचे पैसे द्यावेत, मराठी ऐकावं. रविवारी लावणीच्या चिखलात उतरावं, पण त्याला सेवा म्हणू नये. शेतकऱ्याला रोपं पुन्हा सरळ करावी लागतात.

आणि उरलेल्या पैशांचं काय करायचं, हे मामेबहिणीला विचारलं तर ती लगेच सांगते. शाळेच्या बोअरवेलची मोटर मार्चपासून जळालेली आहे, मुलींच्या संडासाला पाणी नाही. दुरुस्त करणारा तालुक्याला बसतो, फोन केला की येतो. त्याला पैसे रोख लागतात.