फुकटाची भक्ती आणि कलावंताची चूल

धर्मग्रामाचा सण जवळ आला की पॅरिश कौन्सिलच्या बैठकीत खर्चाचा अंदाज मांडला जातो. मंडप, रोषणाई, ध्वनिक्षेपक, फुले, बॅन्ड, जेवणावळ अशा प्रत्येक बाबीपुढे एक रक्कम असते आणि तिच्यावर फार तर थोडी घासाघीस होते. मंडपवाल्याला कोणी असे म्हणत नाही की, 'बाबा रे, देवाचे काम आहे, बांबू फुकट दे.' यादीच्या शेवटी मात्र काही बाबी अशा येतात की त्यांच्यापुढे आकडाच नसतो. नवी गीते, त्यांच्या चाली, नाटुकल्याची संहिता, वेदीमागचे चित्र. 'ते आपला अमुक करील' एवढे एकच वाक्य उच्चारले जाते आणि सभा पुढच्या विषयाकडे वळते. हा 'आपला अमुक' बहुतेक प्रत्येक धर्मग्रामात आहे. सणाला त्याने नवे गीत द्यावे, नोव्हेनाला नऊ द्यावीत, नाताळला नाटक बसवावे, कोणाच्या रौप्यमहोत्सवाला गौरवगीत रचावे, अशी अपेक्षा असते. मोबदला म्हणून शाल, श्रीफळ आणि 'देव तुम्हांला फेडील' हा आशीर्वाद. ह्या प्रथेविरुद्ध आम्हांस आज स्पष्ट बोलावयाचे आहे.

'कला ही ईश्वराची देणगी, तिचे पैसे कसले घ्यायचे?' हा युक्तिवाद आम्ही इतक्या वेळा ऐकला आहे की तो करणाऱ्यांना तो खरोखर पटलेला असावा अशी शंका येऊ लागते. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांचे कौशल्य ही कोणाची देणगी? वकिलाची वाक्चातुरी कोठून आली? तेथे आपण निमूटपणे पाकीट उघडतो. देणगी देवाची असली तरी हार्मोनियमची दुरुस्ती देव करून देत नाही, आणि गीतकाराच्या मुलांची शाळेची फी देवाच्या नावे माफ झाल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

शास्त्राधार देणारे थोडे अधिक विचारी असतात. संत पौल तंबू शिवून पोट भरत असे आणि शुभवर्तमान विनामूल्य सांगत असे, हे ते आपल्याला ऐकवतात. ऐकवावे, पण करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राचा नववा अध्याय संपूर्ण वाचावा. तेथे पौल आधी आपला हक्क सिद्ध करतो. शिपाई, द्राक्षमळेवाला, मेंढपाळ, मळणीचा बैल, मंदिरातील सेवक असे एकामागून एक दाखले देऊन तो म्हणतो की श्रमणाऱ्याने आपल्या श्रमांवर जगावे हे योग्यच आहे. एवढे झाल्यावर तो स्वतः होऊन तो हक्क बजावीत नाही. त्याने सोडला, करिंथच्या मंडळीने त्याच्या वतीने सोडला नाही. त्याग ज्याचा त्याने करावयाचा असतो. दुसऱ्याच्या त्यागाचा ठराव सभेत एकमताने मंजूर करणे ह्याला दुसरे नाव आहे, ते येथे लिहीत नाही.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे नावही अशा वेळी निघते. त्यांनी अखेरच्या वर्षांत मिशनच्या वेतनावर पाणी सोडले हे खरे. त्यांची भजने आपण कॅथॉलिकही प्रेमाने गातो. परंतु तो निर्णय टिळकांचा होता, आणि अशा उदार पुरुषाचा संसार चालविताना घरच्या माणसांवर काय प्रसंग गुदरत असत, हे ज्याला पाहावयाचे असेल त्याने लक्ष्मीबाईंची 'स्मृतिचित्रे' पुन्हा हाती घ्यावीत.

आम्ही धर्मगुरू मिस्सासाठी दान स्वीकारतो. ख्रिस्तसभेच्या कायद्याने त्यास मुभा दिलेली आहे, आणि कोणी समंजस माणूस मिस्सा विकली असे म्हणत नाही. मिस्सा अमोल आहे म्हणूनच तिचे मोल होत नाही; दान हा अर्पण करणाऱ्याचा वाटा आणि सेवकाचा आधार असतो. हे तत्त्व वेदीजवळ आपल्याला समजते, तर गायनमंडळाच्या बाकापाशी ते एकाएकी दुर्बोध का व्हावे?

येथवर पैशाचे झाले. प्रश्न केवळ पैशाचा असता तर दोन परिच्छेदांत आटोपला असता. खरी गुंतागुंत पुढे आहे. जो कलावंत कोणा एका धन्याचा चाकर नाही, ज्याला अनेक लहान आश्रयदाते मिळून पोसतात, त्याने किती करावे, किती चांगले करावे आणि त्यात चूल कशी पेटती ठेवावी? ह्याचे एक उदाहरण आम्हांला फार बोलके वाटते. ते व्हिएन्नाचे आहे, आणि ते आपल्या ख्रिस्तसभेच्या अंगणातलेही आहे.

१७८१ साली वोल्फगांग मोझार्टने साल्झबुर्गचे आर्चबिशप कोलोरेडो ह्यांची चाकरी सोडली. दरबारी ऑर्गनवादक म्हणून त्याला वर्षाला ४५० गुल्डन मिळत. मालकाच्या लवाजम्याबरोबर व्हिएन्नात असताना जेवणाच्या मेजावर त्याची जागा खासगी नोकरांच्या खाली आणि आचाऱ्यांच्या वर होती. (आचाऱ्यांच्या वर होती हे विसरू नये, आपल्या सणाच्या अंदाजपत्रकात तीही नसते.) पुढे त्याने व्हिएन्नात स्वतंत्रपणे जगण्याचा मार्ग काढला. शिकवण्या, प्रकाशकांना विकलेली हस्तलिखिते आणि आगाऊ वर्गणीच्या मैफली. उपवासकाळात तेथील नाटकगृहे बंद असत, म्हणून तोच मैफलींचा हंगाम. १७८४ च्या मार्च महिन्यात त्याने ट्राटनरच्या वाड्यात तीन बुधवारी तीन मैफली केल्या. तिन्ही मिळून वर्गणी सहा गुल्डन. वर्गणीदार १७४. त्यांची नावे त्याने वडिलांना पत्रातून अभिमानाने कळविली. हिशेब करा: एक हजार चव्वेचाळीस गुल्डन, म्हणजे साल्झबुर्गच्या दोन वर्षांच्या पगाराहून अधिक, खर्च वजा न करता.

हे पैसे फुकट नव्हते. वर्गणीदारांना नवे हवे असे. त्या एका वर्षात त्याने पियानोसाठी सहा कॉन्चेर्टो लिहिले. फेब्रुवारीअखेरपासून एप्रिलच्या आरंभापर्यंत, सव्वा महिन्यात, बावीस ठिकाणी वाजवावयाचे त्याने ठरविले होते. आणि गंमत अशी की घाईत लिहिलेले हे कॉन्चेर्टो घाईचे वाटत नाहीत. आपण काय करीत आहोत हे तो पुरते जाणून होता. फार सोपे नको, फार अवघडही नको. जाणकाराला समाधान मिळावे आणि अजाणालाही, का ते न कळता, आनंद व्हावा, असे त्याने वडिलांना १७८२ साली लिहिले होते. आमच्या मते उपासनासंगीत रचणाऱ्या प्रत्येकाने हे धोरण पुढ्यात ठेवावे.

पण त्याच वर्षांत, त्याच मेजावर, दुसरे एक काम चालू होते. १७८२ च्या अखेरीस त्याने तंतुवाद्यांच्या चौकडीसाठी सहा रचनांचा संच हाती घेतला तो १७८५ च्या जानेवारीत पुरा झाला. दोन वर्षांहून अधिक काळ. ह्या रचना त्याने ज्येष्ठ मित्र हायडन ह्यास अर्पण केल्या आणि दीर्घ कष्टांचे हे फळ आहे असे अर्पणपत्रिकेत नमूद केले. त्या कोणी मागितल्या नव्हत्या. प्रकाशकाने पुढे शंभर डुकाट दिले, तेही काही वाईट नाही. पण दोन वर्षे घर चालले ते शिकवण्यांवर आणि बुधवारच्या वर्गणीदारांवर. लवकर होणाऱ्या कामाने सावकाश होणाऱ्या कामाला पोसले. स्वतंत्र कलावंताचे गणित ह्याहून वेगळ्या रीतीने सुटत असेल असे आम्हांला वाटत नाही. मात्र त्यासाठी लवकर होणाऱ्या कामाचे दाम तरी चोख मिळावे लागतात. आपला गीतकार दोन्ही कामे फुकट करतो आणि रात्री करतो, कारण दिवसा त्याला कचेरी असते.

पुढचा भाग दुःखद आहे. १७८८ मध्ये तुर्कांशी युद्ध सुरू झाले, उमराव मंडळी शहराबाहेर गेली, हात आखडले. त्या वसंतात मोझार्टने तीन पंचवाद्य रचनांसाठी चार डुकाट वर्गणी जाहीर केली. वर्गणीदार इतके थोडे आले की जूनमध्ये प्रकाशन लांबणीवर टाकल्याची जाहिरात द्यावी लागली. १७८९ मध्ये मैफलींसाठी यादी फिरविली, तिच्यावर एकच नाव पडले: बॅरन फान स्वीटन. पाच वर्षांत १७४ चे एक. त्याचा हात सढळ होता, घरात आजारपण होते, हे सारे खरे. पण कला ओसरली होती म्हणावे तर १७८८ च्याच उन्हाळ्यात, दीडेक महिन्याच्या अंतरात, त्याच्या शेवटच्या तीन सिंफनी पूर्ण झाल्या. ओसरले होते ते श्रोते.

आणि आता ख्रिस्तमंदिर. १७९१ च्या वसंतात त्याने व्हिएन्नाच्या नगरसभेकडे अर्ज केला की संत स्टीफनच्या कॅथेड्रलचे संगीतप्रमुख हॉफमन वृद्ध झाले आहेत, त्यांचा साहाय्यक म्हणून मला नेमावे, तूर्त वेतन नको. नगरसभेने अर्ज मान्य केला, अगदी 'वेतन नको' ह्या शब्दांसकट. जागा रिकामी झाल्यावर वर्षाला दोन हजार गुल्डन मिळावयाचे होते. ५ डिसेंबर १७९१ रोजी छत्तीस वर्षे पुरी होण्याआधी मोझार्ट वारला. वृद्ध हॉफमन १७९३ पर्यंत हयात होते. त्याच वर्षी जून महिन्यात, ख्रिस्तशरीराच्या सणासाठी, बाडेन गावच्या गायनमंडळाच्या प्रमुखाला, आपल्या एका स्नेह्याला, त्याने एक लहानसे स्तोत्र लिहून दिले होते. 'आवे वेरुम कोर्पुस'. अवघी शेहेचाळीस मापे. आपल्या वसई-मुंबईतल्या गायनमंडळांनाही ते परिचयाचे आहे. नोव्हेनाच्या नऊ गीतांचा हिशेब मागणाऱ्यांनी ही शेहेचाळीस मापे एकदा मोजून पाहावीत.

आपल्याकडचा इतिहास फार निराळा नाही. गोव्याच्या आंजेलो द फोन्सेका (१९०२ ते १९६७) ह्या चित्रकाराने शांतिनिकेतनात शिक्षण घेऊन पवित्र मारियेला भारतीय स्त्रीच्या रूपात, साडीत रंगविले. घरच्या माणसांना ते रुचले नाही. पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमाने त्याला आसरा दिला आणि तेथे त्याने काम केले. आज त्याच्या चित्रांचा मोठा संग्रह पर्वरीच्या झेवियर सेंटरमध्ये आहे आणि आपण पाहुण्यांना तो कौतुकाने दाखवितो. हयातीत चित्र घेणारे थोडे, निधनानंतर अभिमान बाळगणारे पुष्कळ. ह्यात आश्रयदात्यांचा दुसरा एक दोष दिसतो. पैसे दिले म्हणजे आवडनिवड लादण्याचा अधिकार मिळाला, असे त्यांना वाटते. आणि पैसे न देणाऱ्यांना तर तसे जास्तच वाटते.

दुसरी व्हॅटिकन परिषद ह्या बाबतीत आपल्या कौन्सिलांपेक्षा पुढे होती. ४ डिसेंबर १९६३ च्या उपासनाविषयक संविधानात पवित्र कलेवर एक संपूर्ण प्रकरण आहे, आणि बिशपांनी कलावंतांची आस्था बाळगावी असे त्यात सांगितले आहे. ७ मे १९६४ रोजी पोप सहावे पॉल ह्यांनी सिस्टाइन चॅपेलमध्ये कलावंतांना एकत्र बोलावून ख्रिस्तसभेने त्यांना दिलेल्या वागणुकीबद्दल क्षमायाचना केली. १९९९ च्या ईस्टरला पोप दुसरे जॉन पॉल ह्यांनी त्यांना एक दीर्घ पत्र लिहिले. रोममध्ये क्षमा मागितली जाते आणि आपल्या सभागृहात शालही उसनी आणली जाते.

कलावंतांनाही दोन शब्द सुनावणे भाग आहे, नाहीतर आमच्यावर एकतर्फीपणाचा आरोप येईल. नऊ दिवसांत नऊ गीते मागितली की सहा चाली रेडिओवरून येणार, हे आम्ही समजू शकतो. पण काही गीतकारांना आता मागणी नसतानाही ती सवय जडली आहे. चित्रपटातल्या चालीवर 'प्रभू' हा शब्द बसविला की स्तोत्र होत नाही. अलीकडे इंटरनेटवरून दरमहा लहान रक्कम देणारे पाठीराखे मिळविण्याची सोय झाली आहे, आणि आमच्या परिचयाचे काही तरुण तीवर भिस्त ठेवू पाहतात. चांगले आहे, मोझार्टच्या वर्गणीयादीचेच ते नवे रूप होय. परंतु दरमहा दान आले की दरमहा काही दाखविण्याचा धाक येतो, आणि धाकातून येणारे बरेचसे उष्टे असते. निर्गमाच्या छत्तिसाव्या अध्यायात बसालेल आणि अहलियाब हे कारागीर निवासमंडप उभारीत असताना लोक रोज सकाळी इतके दान आणू लागले की कारागीरच काम सोडून मोशेकडे गेले आणि म्हणाले, हे गरजेपेक्षा फार आहे. मोशेने छावणीत दवंडी पिटवून दान थांबविले. आता साहित्य आहेच तर आणखी दहा पडदे करू, असे त्या दोघांच्या मनात आले नाही. त्यांना काम किती आहे ते ठाऊक होते.

अशी दवंडी पिटण्याची पाळी आपल्या एखाद्या कौन्सिलवर यावी, अशी आमची फार इच्छा आहे. तोवर एवढे तरी करता येईल. सणाच्या अंदाजपत्रकात मंडपाच्या ओळीशेजारी गीत-संगीताची ओळ घालावी आणि तिच्यापुढे आकडा लिहावा. तो आकडा गीतांच्या संख्येवर ठरवू नये; अमुक इतके महिने ह्या माणसाने आपल्यासाठी काम करावे, म्हणून द्यावा, आणि आगाऊ द्यावा. नऊ गीतांऐवजी एक मागावे. शंभर कुटुंबांनी एका उपवासकाळासाठी प्रत्येकी एका हॉटेलातल्या जेवणाइतके जरी दिले, तरी एखाद्या रचनाकाराला काही आठवडे कचेरीतून रजा काढून बसता येईल. ज्याला हे दान नको असेल त्याने ते नाकारावे. तो त्याचा अधिकार. आणि सणाच्या आदल्या आठवड्यात तो येऊन म्हणाला की फादर, गीत अजून उतरले नाही, मला आणखी वेळ लागेल, तर गायनमंडळाने गेल्या वर्षीचे गीत काढावे आणि नीट तालीम करून तेच गावे.