झुरळाचा फंडा

रात्री पाणी प्यायला उठता, लाइट लावता आणि ते ओट्यावरून सुळ्ळकन फटीत गायब! बॉस, त्या एका सेकंदापायी अमेरिकेत बर्कलीच्या विद्यापीठात काही हुशार मंडळींनी वर्षानुवर्षं घालवली आहेत.

त्यातले सीनियर म्हणजे प्राध्यापक रॉबर्ट फुल. त्यांनी झुरळाला ओबडधोबड ठोकळ्यांवरून पळवलं. अडथळे पायांच्या उंचीच्या तिप्पट, तरी साहेबांचा स्पीड फारसा कमी होईना. कारण त्याचे पायच स्प्रिंगसारखे. तीन जमिनीवर, तीन हवेत. हिसका बसला की पाय आपला आपण सावरतो, मेंदूची परवानगी मागत बसत नाही. (आमच्या ऑफिसात नेमकं उलटं. पाऊल उचलायच्या आधी तीन अप्रूव्हल!)

याच युक्तीवर 'रेक्स' नावाचा रोबो बनला. सहा पाय, पायाला एकच मोटर आणि पाय म्हणजे चक्क अर्धगोल लवचीक पट्ट्या. दिसायला सुटकेसला पाय फुटल्यासारखा, पण दगडधोंड्यांतून तुरुतुरु पळतो. मला तर हेच आवडलं. शेपूट हलवणारे रोबो-कुत्रे क्यूट असतात, मान्य. पण प्राण्याचं रूप उचलणं सोपं. त्याची अक्कल उचलायची तर आधी त्याच्याकडे नीट बघावं लागतं, आणि झुरळाकडे कोण बघतंय?

कौशिक जयराम यांनी बघितलं. आपल्या पवईच्या आयआयटीतून बर्कलीला गेलेला हा इंजिनीअर. २०१६ मध्ये त्यांनी आणि फुल यांनी दाखवून दिलं की झुरळ जेमतेम ३ मिलिमीटरच्या फटीतून सेकंदाभरात पार होतं आणि स्वतःच्या वजनाच्या ९०० पट भार पडला तरी जिवंत राहतं. त्यावरून तळहाताएवढा 'क्रॅम' तयार झाला. दाबला की उंची निम्मी, तरी चालणं चालूच.

हे सगळं कशासाठी, तर पडलेल्या इमारतींसाठी. ढिगाऱ्यात माणूस शिरू शकत नाही, कुत्रा वास घेऊन थांबतो, पुढे फक्त फटी. सप्टेंबर २०१७ च्या भूकंपानंतर मेक्सिको सिटीत कार्नेगी मेलन विद्यापीठाचा साप-रोबो अशाच ढिगाऱ्यात सोडला होता. त्याने आतली दृश्यं पाठवली, पण जिवंत कुणी सापडलं नाही.

म्हणून नाचणाऱ्या रोबोंना लाइक्स खुशाल मिळोत, फंडिंग मात्र या चपट्यांना मिळावं असं मला वाटतं. २०२३ मध्ये जयराम यांच्या कोलोरॅडोतल्या लॅबने 'क्लॅरी' आणला. पिंगपाँगच्या बॉलपेक्षाही हलका आणि अंग चोरून ३४ मिलिमीटरचा २१ होणारा. फक्त त्याला वीज वायरमधून द्यावी लागत होती. आता ती वायर तोडायची आहे.