साहेबांनी कानात सांगितले, पुढे काय?

आपल्या समाजातील मुले शिकली आणि कचेऱ्यांत, कोळसा खाणींत, सिमेंट कारखान्यांत बाबू म्हणून खुर्चीवर बसली. ही बाबासाहेबांच्या चळवळीची कमाई आहे. पण खुर्चीबरोबर एक नवी अडचणही आली. साहेब केबिनचे दार लोटून म्हणतात, "तुम्ही आपले माणूस, म्हणून सांगतो. मार्चनंतर चारजण कमी करायचे आहेत. कुठे बोलू नका." त्या चारांतला एकजण आपल्याच वस्तीतला असतो. रविवारी विहारात शेजारी बसतो आणि घर बांधायला पतसंस्थेचे कर्ज काढतो आहे, जामीन राहा, म्हणून गळ घालतो. अशा वेळी करावे काय, असे आम्हाला अनेक तरुण विचारतात.

सिगालोवाद सुत्तात तथागतांनी खऱ्या मित्राची लक्षणे सांगितली आहेत. त्यात मित्राचे गुपित राखणे हे एक आहे. त्याच सुत्तात मालकाची कर्तव्येही सांगितली आहेत: शक्ती पाहून काम द्यावे, वेळेवर अन्न-वेतन द्यावे, आजारपणात काळजी घ्यावी. धम्माने नुसत्या नोकरालाच बांधलेले नाही, मालकालाही बांधले आहे. म्हणून साहेबांनी सांगितलेली प्रत्येक गोष्ट एकाच तराजूत तोलू नये, असे आमचे मत आहे.

पहिली गोष्ट म्हणजे सहकाऱ्याची खाजगी बाब. कोणाचे आजारपण, कोणाच्या पगारावरची जप्ती, कोणाला मिळालेला मेमो. ही माहिती साहेबांची नव्हे, त्या सहकाऱ्याची आहे. ती चहाच्या टपरीवर जाता कामा नये. घरीही नको. नळावर एकदा निघालेला शब्द संध्याकाळपर्यंत गावभर होतो.

दुसरी गोष्ट म्हणजे न ठरलेली बाब. "बहुतेक कपात होईल", "वरून पत्र येईलसे दिसते", अशा बोलण्यावर चार घरांची झोप उडवू नये. पत्र आलेच नाही तर खोटे आपण ठरतो.

तिसरी गोष्ट मात्र गुपित नसते, तो अन्याय असतो. आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात हे समजावून सांगायला नको. रोपवाटिकेवर, कुपावर रोजंदारीने राबणाऱ्याचे नशीब हजेरीपटावर लिहिलेले असते. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याने बारा महिन्यांत २४० दिवस काम म्हणजे एक वर्षाची सलग सेवा मानली. जमिनीखालच्या खाणीत हीच अट १९० दिवसांची. डिसेंबर १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुण्याकडील वनमजुरांच्या खटल्यात निर्णय दिला, की माणसाला वर्षानुवर्षे हंगामी ठेवून कायमपणाचे लाभ नाकारणे ही अनुचित कामगार प्रथा आहे. त्यानंतर ३१ जानेवारी १९९६ च्या शासन निर्णयाने १ नोव्हेंबर १९८९ ते ३१ ऑक्टोबर १९९४ या पाच वर्षांत दरवर्षी किमान २४० दिवस भरलेल्या वनमजुरांना कायम करण्याचे ठरले. ज्याचे दिवस कागदावर भरले तो कायम झाला. ज्याचे दिवस कमी दिसले तो रोजंदारच राहिला. दिवस किती झाले हे मजुराला ठाऊक नसते, साहेबाला आणि बाबूला ठाऊक असते.

म्हणून साहेब म्हणाले, "याचे दिवस भरत आले, दोन आठवडे नाव लावू नका," आणि माणूस तर कामावर हजर आहे, तर तिथे पेन खाली ठेवावे. "साहेब, हजर माणसाला मी गैरहजर लिहू शकत नाही. आपला लेखी आदेश द्यावा," एवढेच नम्रपणे म्हणावे. तोंडी हुकूम देणारा लेखी द्यायला सहसा तयार होत नाही. चौथे शील मुसावादापासून दूर राहायला सांगते. हजेरीपटावरची खोटी रेघ हाही मुसावादच.

आता त्या चारांच्या यादीचे. साहेबांनी "कोणाला काढू, तुमचे मत काय?" असे विचारले तर नाव घेऊ नये. सेवाज्येष्ठतेची यादी पुढे ठेवावी. त्याच कामावर शेवटी लागलेला आधी कमी होतो, हे सूत्र कायद्यातच आहे. एक वर्ष सेवा झालेल्याला महिन्याची नोटीस किंवा महिन्याचा पगार, आणि प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचे सरासरी वेतन, हेही कायद्यात आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही ही सूत्रे ठेवली आहेत. मात्र कपातीसाठी सरकारची पूर्वपरवानगी घेण्याची अट पूर्वी १०० कामगारांच्या खाणी-कारखान्यांना होती, ती ३०० वर गेली. म्हणजे केबिनमध्ये ठरणाऱ्या गोष्टी वाढणार. साहेबांना सरळ म्हणावे, "हे मला सांगण्यापेक्षा त्यांनाच लवकर सांगा. माणूस दुसरी सोय पाहील."

यादीचा फोटो मात्र मोबाईलवरून फिरवू नये. आपलीही नोकरी जाते आणि त्या चारांची वाचत नाही. मजुराला सावध करायला साहेबांचे गुपित फोडावेच लागते असे नाही. कायदा गुपित नाही. कामावरच्या प्रत्येकाला आजच सांगावे: वहीत रोजची हजेरी लिहा, पगाराची चिठ्ठी जपून ठेवा, कोऱ्या कागदावर अंगठा देऊ नका. हे सगळ्यांना आणि बारमाही सांगितले तर ज्याच्यावर पाळी येईल तो आधीच तयार असेल.

जामीन मागणाऱ्या शेजाऱ्याला काय सांगावे? "कायमची ऑर्डर हातात नसताना एवढे कर्ज काढू नकोस, मी जामीन राहणार नाही." हे कोणत्याही हंगामी कामगाराला लागू असलेले खरे बोल आहेत. त्याने "माझे नाव आहे का?" असे थेट विचारले तर "नाही" म्हणून फसवू नये. "कोणाच्याही नोकरीबद्दल मी बोलत नाही, साहेबांना लेखी विचार," असे सांगावे. आणि हेच उत्तर एरवीही, यादी नसतानाही, सर्वांना द्यावे. मग आपल्या गप्प राहण्यातून कोणी अर्थ काढणार नाही.

शेवटी "आपले माणूस" या शब्दाला भुलू नये. आज दुसऱ्याचे आपल्या कानात सांगणारा साहेब उद्या आपले दुसऱ्याच्या कानात सांगेल. १९४२ साली मजूरमंत्री झाल्यावर बाबासाहेबांनी सरकार, मालक आणि कामगार यांना त्रिपक्षीय परिषदेत एका टेबलाशी बसवले. कामगाराच्या भाकरीचा निर्णय त्याच्यासमोर व्हावा, ही त्यांची रीत होती. कचेरीतल्या आपल्या बाबूनेही तीच रीत धरावी.

जय भीम!