बटणाचा निरोप आणि पोचपावती

पेन टॅब्लेटवरची शॉर्टकट बटणं चालेनाशी झाली की माणूस काय करतो? ड्रायव्हर काढून परत टाकतो. मग मशीन रीस्टार्ट. मग यूएसबीची वायर दुसऱ्या भोकात. मग पुन्हा ड्रायव्हर. एवढं करूनही काही होईना, की "मलाच जमत नाही बुवा" म्हणून बटणांचा नाद सोडतो. माझं आजचं म्हणणं एवढंच आहे, की हा शेवटचा निष्कर्ष साफ चुकीचा आहे. आणि तो लोकांच्या गळी उतरवण्यात आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांचा बराच मोठा वाटा आहे.

ज्यांनी ही वस्तू हाताळली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ही एक सपाट पाटी असते, सोबत पेन. पेन जितकं दाबाल तितकी रेघ जाड. फोटो रीटच करणाऱ्यांचं आणि चित्रं काढणाऱ्यांचं पोटापाण्याचं हत्यार. पाटीच्या कडेला चार-सहा बटणं. वॅकॉमने २००४ साली इंट्युओस-३ मध्ये ती 'एक्सप्रेस की' या नावाने दिली, आणि पुढे इतरांनीही उचलली. कल्पना झकास आहे. उजव्या हातात पेन, डाव्या हाताखाली अनडू, झूम, ब्रश लहान-मोठा. नजर चित्रावरून हलवायला नको.

गंमत अशी की हे बटण फोटो एडिटरशी थेट बोलतच नाही. ते फक्त ड्रायव्हरला सांगतं, "तिसरं बटण दाबलंय." ड्रायव्हर बघतो, समोर कुठला प्रोग्रॅम उघडा आहे. मग स्वतःच्या यादीत शोधतो, या प्रोग्रॅमसाठी तिसऱ्या बटणाचा अर्थ काय. समजा, कंट्रोल-झेड. मग तो चक्क कीबोर्डाचं सोंग घेतो आणि कंट्रोल-झेड दाबल्याचा निरोप ऑपरेटिंग सिस्टिमकडे देतो. सिस्टिमला पटलं तर ती तो पुढे देते. एडिटरला वाटतं, कीबोर्डच वाजला!

म्हणजे एका अनडूसाठी चौघांच्या हातातून चिठ्ठी जाते. चौघांपैकी कोणीही ती गिळू शकतो, आणि पोचपावती देण्याची पद्धत कोणाकडेच नाही.

कुठे कुठे अडतं बघा. ड्रायव्हरमधली सेटिंग्ज प्रोग्रॅमनुसार वेगळी ठेवता येतात. 'सर्व ॲप्स'मध्ये बदल केला, पण एडिटरची वेगळी नोंद आधीपासून असेल तर तीच जिंकते. मॅकवर २०१८ च्या मोहावेपासून अशा सोंगाड्या कळांसाठी 'ॲक्सेसिबिलिटी'ची परवानगी लागते. ती नसेल तर पेन चालतं आणि बटणं मात्र ठप्प. विंडोजमध्ये व्हिस्टापासून नियम आहे, की कमी अधिकाराच्या प्रोग्रॅमने जास्त अधिकाराच्या प्रोग्रॅमला कळा पाठवायच्या नाहीत. लिनक्सवर तर वेगळाच संसार. एक्स-११ वर एक्ससेटवॅकॉमने बटणं नेमून ठेवली असतील, आणि डेस्कटॉप वेलँडवर गेला, तर ती आज्ञा निरुपयोगी.

आपल्या मराठी माणसासाठी एक खास सापळाही आहे. पत्रिकेचा मजकूर टाइप करायला इनस्क्रिप्ट चालू केलं आणि तसंच राहिलं, तर ब्रश लहान करायच्या चौकटी कंसाच्या कळेवर 'ड' असतो आणि बी च्या कळेवर 'व'. आता एडिटर कळ ओळखतो की अक्षर ओळखतो, यावर सगळं अवलंबून. अक्षर ओळखणारा असेल तर 'ड' म्हणजे ब्रश लहान कर, हे त्याला कसं कळावं?

माझा एक मावसभाऊ मिरजेला लग्नाचे अल्बम करतो. ऐन लगीनसराईत त्याचा फोन. "दादा, पेन चालतंय, पण बटनं मेली बघ. दुकानदार म्हणतोय नवीनच घ्या." मी त्याला नोटपॅड उघडून बटण दाबायला सांगितलं. अक्षर उमटलं. म्हणजे बटण जिवंत, वायर जिवंत, ड्रायव्हरही जिवंत. मग एडिटरमध्ये खऱ्या कीबोर्डावरून तीच कळ. तीही चालली. नोटपॅडमध्ये पोचतं आणि एडिटरमध्येच पोचत नाही, म्हणजे चिठ्ठी दारात अडतेय. ज्याने सॉफ्टवेअर टाकून दिलं होतं त्याने ते कायम 'ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून' उघडेल असं करून ठेवलं होतं. ती एक टिक काढली, सुरू झालं. पण तोवर त्याचे तीन दिवस गेले होते, आणि नव्या टॅब्लेटचे पैसे थोडक्यात वाचले. त्याचं शेवटचं वाक्य मला टोचलं : "मला वाटलं माझ्याकडूनच कायतरी बिघडलं."

का वाटू नये? स्क्रीनवर एक अक्षर आलं नव्हतं. एरर नाही, सूचना नाही, साधा 'टुंग' आवाजही नाही. यंत्र गप्प बसलं की माणूस दोष स्वतःकडे घेतो. याला मी बग म्हणतो, आणि हा बग कुठल्याच यादीत नोंदला जात नाही.

आता आमच्या जमातीतून उत्तर येईल, की सुरक्षेसाठी हे आवश्यक आहे. मान्य, शंभर टक्के! कुठल्याही प्रोग्रॅमला कुठेही कळा दाबू दिल्या तर उद्या कोणीही तुमच्या मशीनवर काहीही करेल. दार बंद असण्याला माझी हरकत नाही. दारावर "बंद आहे" अशी पाटी नाही, याला आहे.

दुसरा मासला याहून मजेशीर आहे. फोटोशॉपमध्ये पूर्वी कंट्रोल-झेड एकच पायरी मागे जायचं, पुन्हा दाबलं की परत पुढे. अनेक पायऱ्या मागे जायला कंट्रोल-आल्ट-झेड. ऑक्टोबर २०१८ च्या आवृत्तीत हे बदललं. कंट्रोल-झेड इतर सगळ्यांसारखं मागे मागे जाऊ लागलं, आणि कंट्रोल-आल्ट-झेडला शेवटच्या बदलाची उघडझाप करायचं काम मिळालं. बदल शहाणपणाचाच आहे, आणि जुनी पद्धत हवी असेल त्यांच्यासाठी कीबोर्ड शॉर्टकटच्या खिडकीत टिक दिलेली आहे. पण ज्यांनी टॅब्लेटच्या बटणावर वर्षानुवर्षं कंट्रोल-आल्ट-झेड ठेवलं होतं, त्यांचं काय? बटण तेच, निरोप तोच, पोचतोही... आणि चित्र मात्र जागच्या जागी पुढे-मागे नाचतंय. हाताला लागलेली सवय हाही इंटरफेसचाच भाग असतो. तो बदलताना 'नवीन काय' या पानावर एक ओळ टाकणं पुरेसं नाही.

मग करायचं काय? वापरणाऱ्यांनी ड्रायव्हर काढण्याआधी तीन चाचण्या कराव्यात. एक, बटणाला 'सर्व ॲप्स'मध्ये साधं अक्षर नेमून नोटपॅडमध्ये दाबा. उमटलं नाही तर दोष ड्रायव्हरपर्यंतच्या टप्प्यात किंवा परवानगीत. दोन, एडिटरमध्ये तोच शॉर्टकट खऱ्या कीबोर्डावरून दाबा. तिथेही चालला नाही तर टॅब्लेट निर्दोष, भाषा आणि शॉर्टकटची यादी तपासा. तीन, कीबोर्डावरून चालतो पण बटणावरून नाही, तर त्या प्रोग्रॅमची ड्रायव्हरमधली नोंद आणि अधिकार बघा. दहा मिनिटांचं काम आहे.

आणि लिहिणाऱ्यांनी? ड्रायव्हरमध्ये एक छोटी खिडकी द्या : "तिसरं बटण, या प्रोग्रॅमला, ही कळ पाठवली." सिस्टिमने अडवली हे कळत असेल तर तेही तिथेच सांगा. एडिटरमध्ये "शेवटची मिळालेली कळ" दाखवायची सोय ठेवा. जगातल्या सगळ्या जोड्या तपासून बघा, असं कोणी म्हणत नाही. फक्त जे झालं ते दाखवा. सर्व्हरसाठी आपण पानंच्या पानं लॉग लिहितो, कारण रात्री दोनला आपल्यालाच उठायचं असतं. अल्बम करणाऱ्यालाही रात्री दोनला उठावं लागतं हो. त्याच्यासाठी एक ओळ लिहायला काय हरकत आहे?