गाडी मळलेल्या वाटेवरच ठेवा

दिवाळीच्या सुट्टीत जैसलमेरला निघालेल्या सगळ्या मंडळींना ही कळकळीची विनंती. सम किंवा खुडीच्या वाळूकडे जाताना जीपवाल्याने हौसेने गाडी गवतात घातली, तर त्याला तिथेच थांबवा.

त्या सेवण गवताच्या बुडाशी घरं आहेत. वाळवंटी जर्ड नावाचा उंदीर तिथे वसाहती करून राहतो. अंगाने वीतभरही नाही, रंग वाळूचा, शेपटीच्या टोकाला काळा गोंडा. त्याचे बहुतेक भाऊबंद रात्री बाहेर पडतात. हा मात्र दिवसाढवळ्या फिरतो, म्हणून थंडीत भर दुपारीही दिसतो. एकेका वसाहतीत बिळांची कितीतरी तोंडं असतात आणि खाली बोगदे एकमेकांना जोडलेले. वाळू भुसभुशीत. एक चाक वरून गेलं की बोगदा बसला.

हा उंदीर आज दुर्मिळ नाही, आणि तो पिकांची नासाडीही करतो, हे मी लपवणार नाही. पण वाळवंटी कोल्हा, रानमांजर, लग्गड ससाणा यांचं पोट त्याच्यावर आहे. मध्य आशियातून येणारे शिकारी पक्षी तर नेमके तुमच्या सहलीच्याच सुमारास थरच्या वाळवंटात उतरतात. इंदिरा गांधी कालव्याचं पाणी आलं, सेवणाच्या जागी गहू-मोहरी उभी राहिली, तिथून जर्ड मागे हटला आणि ओलाव्याला सरावलेले दुसरे उंदीर शिरले. उरलेला माळ सरकारी कागदांत बऱ्याचदा 'पडीक' असतो. पडीक म्हटलं की पवनचक्क्या आणि सौर पटलं यायला वेळ लागत नाही.

तिथल्या मेंढपाळांनी ओरण, म्हणजे त्यांच्या देवराया, पिढ्यान्‌पिढ्या राखल्या. राजस्थानातल्या अशा देवरायांची मोजणी करून त्यांना वनाचा दर्जा द्या, असं सर्वोच्च न्यायालयाने 18 डिसेंबर 2024 रोजी सांगितलं. नोंद होण्याआधीच या प्रकल्पांचं कुंपण पडू नये, म्हणून गावकरी झगडत आहेत. त्यांच्या बाजूने बोला, लिहा.

तंबूतलं उष्टं उघड्यावर टाकू देऊ नका. त्यावर भटकी कुत्री पोसली जातात आणि ती कोल्ह्यांच्या, चिंकारांच्या मागे लागतात. 'वाळवंट हिरवं करा' म्हणून कुणी रोपांसाठी पैसे मागितले, तर आधी विचारा, कुठली झाडं आणि कुठे? कच्छच्या बन्नी माळावर लावलेल्या वेड्या बाभळीने गवताची काय दशा केली, ते पाहण्यासारखं आहे.

हे सगळं बुकिंग करतानाच हॉटेलवाल्याला सांगा. गाडी गवतात शिरल्यावर उशीर झालेला असतो.