व्यवस्थापन प्रवेशाची तयारी : आरंभ कुठून?

ऑक्टोबर उजाडला की आपल्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात एक ठरावीक दृश्य दिसू लागते. खिडकीजवळच्या लांब टेबलाभोवती तृतीय वर्षाची सात-आठ मुले-मुली जाडजूड पुस्तके उघडून बसतात. कुणी इंग्रजी शब्दांच्या याद्या पाठ करीत असतो, कुणी नफा-तोट्याची गणिते घड्याळ लावून सोडवीत असतो. व्यवस्थापन संस्थांच्या प्रवेशासाठी घेतली जाणारी 'कॅट' परीक्षा नोव्हेंबरच्या अखेरीस येऊन ठेपलेली असते. याच विषयावर प्रथम वर्षाच्या मुलाशी बोलावे तर तो म्हणतो, "सर, अजून वेळ आहे." तृतीय वर्षाच्या मुलाशी बोलावे तर तो म्हणतो, "सर, आता वेळ नाही." या दोन उत्तरांच्या मधली दोन वर्षे कुठे गेली, हा प्रश्न मात्र कुणीच विचारीत नाही, आम्ही प्राध्यापकही नाही.

वाणिज्य विभागात इतकी वर्षे शिकवल्यावर माझे असे मत झाले आहे की, आपण ही तयारी चुकीच्या टोकाकडून सुरू करतो. पुस्तकांच्या ढिगाकडून, शिकवणीच्या जाहिरातीकडून, शहरातल्या मुलांच्या नकलेकडून आपण आरंभ करतो. आणि जे आपल्याजवळ आहे, ते लपवण्यात शक्ती घालवतो. हे मत मी एका चुकीतून शिकलो आहे आणि ती चूक माझी स्वतःची होती. तिच्याविषयी पुढे सांगेन.

प्रथम परीक्षेचे स्वरूप पाहू. भारतीय व्यवस्थापन संस्थांपैकी पहिल्या दोन १९६१ साली कलकत्ता आणि अहमदाबाद येथे निघाल्या. बंगळूरची १९७३ साली. आज त्यांची संख्या वीसच्या पुढे गेली आहे. त्यांची सामायिक परीक्षा २००९ पासून संगणकावर होते. २०२४ साली तीत ६८ प्रश्न आणि २०४ गुण होते. भाषा व वाचन, आकडेवारी व तर्क, आणि गणित असे तीन विभाग. प्रत्येकाला ४० मिनिटे. बरोबर उत्तराला तीन गुण, आणि पर्यायी प्रश्नाचे उत्तर चुकले तर एक गुण वजा. त्या वर्षी सुमारे २ लाख ९३ हजार उमेदवार परीक्षेला बसले. यांत ९९ पर्सेंटाइल मिळवायचे म्हणजे पहिल्या सुमारे २,९०० जणांत यायचे.

हे आकडे ऐकून पुष्कळांची छाती दडपते. पण आणखी एक गोष्ट आहे, ती फारशी कुणी सांगत नाही. गेल्या काही वर्षांत एकूण गुणांच्या निम्म्याहून कमी गुण मिळवणारे उमेदवारही ९९ पर्सेंटाइलपर्यंत पोहोचले आहेत. म्हणजे ही परीक्षा सगळे येणाऱ्याची नव्हे. कोणता प्रश्न घ्यायचा आणि कोणता सोडून द्यायचा, हे ज्याला कळते त्याची ती आहे. आपल्या शाळा-महाविद्यालयांतून आपण नेमके याच्या उलट शिकवतो. एकही प्रश्न सोडू नका, काहीतरी लिहा, दोन गुण मिळतील, असे परीक्षेच्या आदल्या दिवशी मीच वर्गात सांगत आलो आहे. ती सवय इथे नडते. सोडून देण्याची सवय दोन महिन्यांत लागत नाही. त्यासाठी सराव प्रश्नपत्रिका सोडवाव्या लागतात, आणि सोडवण्यापेक्षा अधिक वेळ आपण कुठे अडकलो, का अडकलो, हे वहीत लिहून पाहावे लागते. गणित तर बहुतांशी दहावीपर्यंतचेच असते. 'पी हळद अन् हो गोरी' या थाटाच्या शिकवण्या सूत्रे देतील. निवड करण्याची बुद्धी देऊ शकणार नाहीत.

आता इंग्रजी. सीमाभागातील आपल्या मुलांचे हे सर्वांत मोठे दुखणे. कुणी मराठी माध्यमातून आलेला, कुणी कन्नड माध्यमातून. घरी एक भाषा, रस्त्यावर दुसरी, वर्गात तिसरी. परीक्षा मात्र केवळ इंग्रजीतून. हा अन्याय आहे काय? काही अंशी आहे, आणि तो नाकारण्यात अर्थ नाही. लहानपणापासून इंग्रजी ऐकत वाढलेल्या मुलाला आपल्यापेक्षा दोन पावले पुढून धावायला मिळते. पण मी पाहिले आहे ते असे : जो मुलगा मराठीत किंवा कन्नडमध्ये एखादा विचारप्रधान लेख शेवटपर्यंत वाचतो, लेखकाचे म्हणणे काय, त्याचा आधार काय, त्यात कच्चे काय, हे सांगू शकतो, तो वर्ष-दीड वर्षात इंग्रजी उताऱ्यांशी झुंज घेऊ लागतो. ज्याने कोणत्याच भाषेत असे वाचन केलेले नाही, त्याला शब्दांच्या याद्या तारीत नाहीत. भाषेच्या विभागातील २४ प्रश्नांपैकी अलीकडे १६ उताऱ्यांवरचे असतात, आणि ते उतारे तत्त्वज्ञान, पर्यावरण, इतिहास, अर्थकारण अशा कोणत्याही विषयावरचे असू शकतात. तेव्हा रोज एक इंग्रजी अग्रलेख आणि एक आपल्या भाषेतील, असे दोन्ही वाचून दोहोंचा सारांश चार ओळींत लिहावा, असे मी सुचवीन. आपल्याला दोन-तीन भाषा येतात, ही उणीव नव्हे. एकाच गोष्टीकडे दोन बाजूंनी पाहण्याची ती सवय आहे.

पण परीक्षा म्हणजे सगळा प्रवेश नव्हे. बंगळूरसारखी संस्था मुलाखतीला बोलावण्यापूर्वी दहावी, बारावी आणि पदवीचे गुण पाहते, कामाचा अनुभव पाहते. म्हणजे प्रथम वर्षाचा निकाल हीही प्रवेशाची तयारीच असते. आणि त्यानंतर येते ती मुलाखत. माझी चूक इथलीच.

काही वर्षांपूर्वी वडगावचा एक विद्यार्थी माझ्या वर्गात होता. घरी चार यंत्रमाग. वडील आणि थोरला भाऊ माग चालवीत; आई कांड्या भरी. हा मुलगा कॉलेज सुटल्यावर हिशेबाची वही सांभाळी. परीक्षेत त्याने चांगले गुण मिळवले आणि एका संस्थेकडून मुलाखतीचे पत्र आले. मी आनंदाने त्याची तयारी करून घेतली. नेतृत्व, संघभावना, पुढील पाच वर्षांचे ध्येय, सगळी उत्तरे घोटून घेतली. घरच्या व्यवसायाबद्दल काय सांगू, असे त्याने विचारले, तेव्हा मी म्हणालो, "वडिलांचा वस्त्रोद्योग आहे म्हण आणि पुढे जा. चार मागांचे काय सांगायचे?" त्यालाही ते पटले. खरे तर त्यालाही तेच हवे होते.

मुलाखतीत पहिलाच प्रश्न आला तो घरचा. तुमच्याकडे एक साडी तयार व्हायला खर्च किती येतो आणि पैसे हातात किती दिवसांनी येतात? याने वस्त्रोद्योगाचे देशाच्या अर्थव्यवस्थेतील स्थान सांगायला सुरुवात केली. परीक्षकांनी पुन्हा तोच प्रश्न विचारला. हा गोंधळला, आणि मग उरलेली सगळी मुलाखत घसरतच गेली. त्याची निवड झाली नाही. त्या एका उत्तरामुळेच झाली नाही, असे मी म्हणणार नाही. ते मला कळण्याचा मार्ग नाही. पण परत आल्यावर तो माझ्यासमोर उभा राहून एवढेच म्हणाला, "सर, मला येत होतं ते."

त्याला येत होते, हे मलाही माहीत होते. सुताचा भाव वाढला की साडीचा भाव लगेच वाढत नाही, हे त्याने वहीत लिहून पाहिले होते. माल व्यापाऱ्याकडे गेल्यावर पैसे दोन-तीन महिन्यांनी येतात आणि तोवर सूतवाल्याला तोंड द्यावे लागते, हे तो जगला होता. २०१९ च्या ऑगस्टमधील पुरात घरात पाणी शिरून माग बंद पडले, २०२० च्या टाळेबंदीत तयार साड्या घडी न मोडता पडून राहिल्या, तेव्हा वीजबिल आधी भरायचे की कामगाराची मजुरी आधी द्यायची, हा निर्णय घरी याच्यासमोर झाला होता. खेळते भांडवल हा धडा मी त्याला फळ्यावर शिकवीत होतो, आणि तो मला शिकवू शकला असता. दुसऱ्या वर्षी पुन्हा बसण्याइतकी सवड घरच्या परिस्थितीने त्याला दिली नाही. तो नोकरीला लागला. हा सल्ला मी दिला होता, ही गोष्ट मला अजून सलते.

यावर कुणी म्हणेल, मुलाखतीत गरिबीचे भांडवल करायचे काय? मुळीच नाही. घरच्या हालअपेष्टा सांगून सहानुभूती मिळवणे हे तर पाठ केलेल्या उत्तराइतकेच खोटे. माझे म्हणणे इतकेच की, ज्या व्यवहाराचे आकडे आपल्याला ठाऊक आहेत, त्याबद्दल नेमके बोलता आले पाहिजे. आणि असे व्यवहार आपल्या भोवती थोडे आहेत काय? उद्यमबागेतील फौंड्र्या, शहापूर-वडगावचे माग, बाजार समितीतले बटाट्याचे लिलाव, दूध संघ, पतसंस्था, किराणा दुकानाची उधारीची वही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली धंद्याला आरंभ केला तो याच बेळगावात, सायकलींच्या दुकानापासून. पुढे त्यांनी लोखंडी नांगर केले, आणि १९१० साली औंध संस्थानात जाऊन किर्लोस्करवाडी वसवली. किर्लोस्कर रोडवरून आपण रोज जातो. पण बेळगाव त्यांना का सोडावे लागले, लाकडी नांगराला सरावलेल्या शेतकऱ्याला लोखंडी नांगर विकणे अवघड का गेले, याचा विचार आपल्यापैकी किती विद्यार्थ्यांनी केला आहे? व्यवस्थापनाच्या वर्गात चर्चिले जातात ते प्रश्न याच जातीचे.

आता थोडे दारांविषयी. आपल्या मुलांच्या मनात प्रवेश म्हणजे दोन-तीन मोठी नावे एवढेच असते. ती हुकली की सगळे संपले. वस्तुस्थिती तशी नाही. कर्नाटकाची पीजीसीईटी आहे. महाराष्ट्राची एमबीए सीईटी आहे, आणि १९६५ साली स्थापन झालेल्या मुंबईच्या जमनालाल बजाज संस्थेचा मार्गही तिच्यातून जातो. महाराष्ट्राच्या प्रवेश प्रक्रियेत सीमाभागातील मराठी मातृभाषिक उमेदवारांसाठी स्वतंत्र तरतूद आहे. तिच्या अटी व लागणारे दाखले त्या त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत आधीच वाचून ठेवावेत. दाखल्यासाठी शेवटच्या आठवड्यात धावणे म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणे. चोर्ला घाट उतरला की साखळीला गोवा इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंट आहे. १९९३ मध्ये निघालेल्या या संस्थेत कॅटचे गुण चालतात. दोन राज्यांच्या आणि तिसऱ्याच्या उंबरठ्यावर राहण्याची आपण तक्रारच फार करतो. कधी तिचा उपयोगही करावा.

खर्चाबद्दलही स्पष्ट बोलले पाहिजे. जुन्या, मोठ्या संस्थांत दोन वर्षांचे शुल्क वीस लाखांच्या वर गेले आहे. नामांकित संस्थांसाठी राष्ट्रीयीकृत बँका तारणाविना कर्ज देतात, संस्थांच्या शिष्यवृत्त्याही असतात. तेव्हा केवळ आकडा ऐकून अर्जच न करणे बरे नव्हे. पण जी संस्था तितकेच पैसे मागते आणि शिकवण्याच्या नावाने आनंद आहे, तिथे आईचे दागिने गहाण टाकून जाणे हेही शहाणपणाचे नव्हे. कर्जाचा हप्ता किती, मिळू शकणारा पगार किती, हे कागदावर मांडून पाहावे. जो विद्यार्थी स्वतःच्या प्रवेशाचा ताळेबंद मांडू शकत नाही, तो उद्या कंपनीचा काय मांडणार? आणि हा हिशेब मांडून एखाद्याने घरचा धंदाच नीट करायचे ठरवले, तर त्याला अपयशी म्हणण्याचा अधिकार कुणालाही नाही.

शेवटी एक सूचना. आपल्या महाविद्यालयाने प्रथम वर्षापासून एक साधा उपक्रम करावा. प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या घरच्या किंवा शेजारच्या एका व्यवहाराचा वर्षभर अभ्यास करून दोन पानी टिपण लिहावे : माल कुठून येतो, पैसा कुठे अडकतो, निर्णय कोण घेतो. प्रथम वर्षी ते मराठीत किंवा कन्नडमध्ये लिहावे, दुसऱ्या वर्षी इंग्रजीत, आणि तिसऱ्या वर्षी पाच जणांसमोर उभे राहून सांगावे. ऐकायला आम्ही प्राध्यापक बसूच. पण आमच्यासोबत उद्यमबागेतला एखादा कारखानदार आणि वडगावचा एखादा मागवालाही बसावा. त्यांना पटेल असे उत्तर ज्याला देता आले, त्याला कोणत्याही मुलाखतीची भीती बाळगण्याचे कारण उरणार नाही. या उपक्रमाला विभागाची मंजुरी मिळो वा न मिळो, येत्या जूनपासून माझ्या वर्गात मी तो सुरू करणार आहे. पहिले टिपण चार मागांवर लिहून घ्यायचे राहून गेले आहे. ते लिहायला मी त्या माजी विद्यार्थ्यालाच बोलावणार आहे.