'मान्य नाही' ही कळ कोठे आहे?

कचेरीतील ठराविक कामे यंत्राकडे सोपवावीत की नाही, हा वाद आता संपल्यात जमा आहे. बँकांत व्याजाची आकारणी, दिवसअखेरचा मेळ, थकबाकीच्या सूचना ही कामे आज माणसाचा हात न लागता एकामागून एक पार पडतात. 8 सप्टेंबर 1983 रोजी बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी व्यवस्थापनांशी यांत्रिकीकरणाचा करार केला, तेव्हा मुख्य वाद यंत्रांच्या संख्येचा होता. सहामाहीअखेर रात्री जागून खातेवह्यांत व्याज मांडणाऱ्या कारकुनाचे कष्ट सरले, याचे दुःख करण्याचे कारण नाही. कष्ट वाचवणाऱ्या यंत्राशी समाजवादाचे वैर नाही. मात्र यंत्रे किती, यापेक्षा अधिक मूलभूत असा एक प्रश्न आहे. यंत्र चुकले तर शिक्षा कोणाला?

या प्रश्नाचे उत्तर ब्रिटनमधील टपाल खात्याने फार क्रूरपणे दिले आहे. तेथील शाखांचे हिशेब 1999 पासून 'होरायझन' या संगणकप्रणालीकडे सोपवण्यात आले. शाखाचालकाने दिवसभराचे व्यवहार नोंदवायचे आणि शिल्लक यंत्राने काढायची, अशी ही सुटसुटीत व्यवस्था होती. परंतु यंत्रात दोष होते. काही वेळा एकच रोकड-नोंद पुनःपुन्हा चढे आणि प्रत्यक्षात नसलेली तूट दिसे. करारात तुटीची जबाबदारी शाखाचालकावर टाकलेली होती. त्याने दूरध्वनी केला की, अशी तक्रार तुम्ही एकट्यानेच केली आहे, असे अनेकांना सांगण्यात आले. 1999 ते 2015 या काळात नऊशेहून अधिक जणांना चोरी, अफरातफर वा खोट्या हिशेबाच्या आरोपांखाली शिक्षा झाल्या. कित्येक तुरुंगात गेले, कित्येकांचे दिवाळे निघाले, काहींनी जीव दिला.

अखेर 555 शाखाचालकांनी एकत्र येऊन दावा लढवला. या दाव्यातील 2019 च्या निकालांत उच्च न्यायालयाने यंत्रातील दोष मान्य केले. शाखाचालकाच्या नकळत त्याच्या हिशेबात दूरवरून बदल करता येत होते, हेही उघड झाले. टपाल खाते ते वर्षानुवर्षे नाकारत आले होते. मे 2024 मध्ये संसदेला खास कायदा करून शेकडो शिक्षा रद्द कराव्या लागल्या.

कार्यकर्त्यांनी या प्रकरणातील दोन गोष्टी विशेष ध्यानात ठेवाव्यात. पहिली अशी की, यंत्राने दाखवलेली तूट मान्य नाही, असे नोंदवण्याची सोयच त्या प्रणालीत नव्हती. रक्कम भरा किंवा देणे मान्य करा, त्याखेरीज पुढील हिशेबकाल उघडत नसे. म्हणजे कामाचे टप्पे आखणाऱ्याने कामगाराचा 'नकार' आधीच वगळून टाकला होता. हा तांत्रिक दोष नव्हे. मालक आणि कामगार यांच्यातील सत्तासंबंध तेथे यंत्रात उतरवला होता. दुसरी गोष्ट अधिक लाजिरवाणी आहे. शाखाचालकांची जुनी संघटना टपाल खात्याच्याच पैशावर चालत होती, आणि ती त्या खात्यापासून मुळीच स्वतंत्र नाही, असा ताशेरा न्यायालयाने ओढला. मालकाच्या पंक्तीला जेवणारी संघटना कामगाराच्या साक्षीला येत नाही.

म्हणून आपोआप चालणारी कार्यव्यवस्था कोणत्याही कचेरीत येत असेल, तर तिला आंधळा विरोध अथवा आंधळे स्वागत करून भागणार नाही. कामाचे टप्पे आखले जात असतानाच कर्मचाऱ्यांचे प्रतिनिधी तेथे बसले पाहिजेत. प्रत्येक नोंद कोठून आली, ती कोणी बदलली, हे ज्याच्यावर तिचा बोजा पडतो त्याला पाहता आले पाहिजे. वादग्रस्त नोंद माणसासमोर जाईपर्यंत वसुली वा कारवाई होता कामा नये, आणि यंत्र बरोबर आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकाचीच असली पाहिजे. वाचलेल्या तासांचा वाटाही केवळ नफ्यात न जाता कामाचे तास कमी होण्यात दिसला पाहिजे.

या मागण्या यंत्र बसल्यानंतर करून उपयोग नाही. नकाराची कळ आराखड्यातच असावी लागते. ती तेथे नसेल, तर पुढे कामगाराला ती न्यायालयात शोधावी लागते, आणि ब्रिटनमधील निरपराध शाखाचालकांचे त्यात वीस वर्षांचे आयुष्य गेले.